अण्णांसाठी ठेवलेली मिशी

माझी मुलगी जपानमध्ये त्सुकुबाच्या विद्यापीठात संशोधन करते, असं मी वर्षभर लोकांना सांगत होतो. कशावर, असं कुणी विचारलं की ‘भाषांवर’ म्हणायचो आणि विषय बदलायचो. खरं सांगायचं तर ती मिशीवर संशोधन करते. रशियन, पोलिश, चेक वगैरे भाषांमध्ये मिशीला जो शब्द आहे तो मुळात कुठून आला, यावर.

मी इचलकरंजीत मागांच्या खडखडाटात वाढलेला माणूस. अठ्ठावीस वर्षांपूर्वी एका जुन्या यंत्रांच्या गोदामात हमाल म्हणून कोबेला आलो. आज माझं स्वतःचं गोदाम आहे. बंद पडलेल्या जपानी कापड गिरण्यांचे माग उचलायचे, दुरुस्त करायचे आणि आपल्याकडे पाठवायचे, हा धंदा. घासाघीस ही माझी एकमेव विद्या आहे. समोरचा माणूस कुठल्या आकड्याला पापणी हलवतो हे मला कळतं. असल्या माणसाच्या मुलीने एका शब्दासाठी पाच वर्षं द्यायची, हे मला पटणं शक्य नव्हतं.

‘मिशीवर पाच वर्षं?’ मी फोनवर ओरडलो होतो.

‘मिशी नाही बाबा. मिशीचा शब्द.’

‘म्हणजे त्याहून कमी.’

ती हसली. ती माझ्या रागाला घाबरत नाही, जपानी मुलांसारखी शांतपणे तो संपायची वाट बघते. पण तिला माहीत नव्हतं, की आमच्या घरात मिशी हा हसण्याचा विषय नाही.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, मागांवर जॉबर होते. माग बिघडला की जॉबरला हाक मारायची. हात सतत तेलात, आणि मिशीत दिवसभर सुताचे तंतू अडकलेले. संध्याकाळी घरी आले की ते दारातच बसून लहान फणीने मिशीतले तंतू काढायचे आणि मग आत यायचे. भरघोस मिशी होती. मलाही विसाव्या वर्षी तशीच आली. आमच्याकडे बाप जिवंत असताना मुलगा मिशी काढत नाही. मिशी उतरते ती बाप गेल्यावर, दहाव्याला. शहरातले लोक आता हे मानत नाहीत, हे मला माहीत आहे. अण्णा मानत होते.

कोबेच्या गोदामात पहिल्याच आठवड्यात मालकाने मला समोर उभं केलं आणि स्वतःच्या ओठावर बोट ठेवून म्हणाला, ‘हिगे.’ जपानीत मिशी, दाढी, कल्ले, सगळ्याला बोलताना हा एकच शब्द. मला तेव्हा जपानी येत नव्हतं, पण एवढं कळलं. मी घासाघीस केली. बोटांनी कात्री करून दाखवली, बारीक केली तर चालेल का? तो पुन्हा म्हणाला, ‘हिगे.’ ग्राहकांसमोर चालणार नव्हतं. परतीचं तिकीट माझ्याकडे नव्हतं. मी त्या संध्याकाळी मिशी काढली.

दोन महिन्यांनी घरी फोटो पाठवला. गोदामासमोर, नव्या गणवेशात. धाकट्या भावाने तो अण्णांच्या हातात दिला. अण्णांनी बराच वेळ बघितला आणि म्हणाले, ‘मला जिवंतपणी पोचवला.’ त्यानंतर ते माझ्याशी बोलले नाहीत.

हे मी वाढवून सांगत नाही. मी दर दोन वर्षांनी इचलकरंजीला जायचो. अण्णा समोर बसलेले असायचे, मी त्यांच्यासमोर, आणि ते भावाला म्हणायचे, ‘त्याला विचार जेवला का.’ भाऊ माझ्याकडे वळून विचारायचा, ‘दादा, जेवलास का?’ मी भावाला सांगायचो, ‘सांग, जेवलो.’ माझं लग्न झालं, मुलगी झाली, आई गेली, सगळं असंच भावाच्या तोंडून. आईच्या वेळी मी डोकं केलं. माझ्या तोंडाकडे बघून अण्णा भावाला म्हणाले, ‘त्याचं आधीच झालंय.’

वाचणाऱ्याला वाटेल, की नंतर तर हा स्वतःच मालक झाला, मग मिशी का ठेवली नाही? कारण माझीही बाजू होती. मी मौज म्हणून काढली नव्हती. पोटासाठी काढली होती, आणि त्या पोटावर ते घर उभं राहिलं. त्यांनी एकदा, फक्त एकदा, थेट मला म्हणावं की ठेव रे मिशी. मी दुसऱ्या दिवसापासून वस्तरा लावला नसता. सौद्यात मी कधीच आधी तोंड उघडत नाही. अण्णाही उघडत नव्हते. अठ्ठावीस वर्षं आम्ही दोघं तसेच बसून होतो.

यंदा अण्णांना अर्धांगाचा झटका आला. त्यातून वाचले, पण अंथरुणाला खिळले. भावाचा रोज फोन यायचा. एक दिवस तो बोलता बोलता म्हणाला, ‘परवा तुझं नाव काढलं होतं त्यांनी. दादाला मिशी हाय का म्हणून विचारत होते.’

‘काय म्हणाले?’

‘एवढंच. थोरल्याला मिशी हाय का.’

‘तू काय सांगितलंस?’

‘मी काय सांगणार? न्हाई म्हटलं.’

मी फोन ठेवला आणि खुर्चीत बसून राहिलो. अठ्ठावीस वर्षांनी समोरून बोली आली होती. बोली आली की ती पकडायची असते. दुसऱ्या सकाळी मी दाढी केली आणि वरचा ओठ सोडला.

नवव्या दिवशी त्सुकुबाच्या बाजूला एका गिरणीचे माग बघायला गेलो होतो, तेव्हा मुलीला भेटलो. विद्यापीठाच्या कँटीनमध्ये ती सायकलचं हेल्मेट हातात घेऊन आली, माझ्याकडे बघितलं, आणि हेल्मेटमागे तोंड लपवून हसायला लागली.

‘बाबा, हे काय आहे?’

‘मिशी.’

‘चिगाऊ,’ ती म्हणाली. म्हणजे, हे ते नव्हे. ‘ही मिशी नाही. हा वान्सो आहे.’

मी विचारलं, की हा आणखी कुठला प्राणी. मग तिने ट्रेवरच्या कागदावर पेनाने लिहून दाखवलं. मी पहिल्यांदाच तिचं शेवटपर्यंत ऐकलं. रशियन माणूस मिशीला उस म्हणतो. पोलंडमधला व्हॉन्स म्हणतो. चेक माणूस वोउस म्हणतो, पण त्याच्याकडे त्या शब्दात दाढीही येते; शब्द ओठावरून हनुवटीवर उतरला. सर्बियातल्या लोकांनी तो टाकून दिला आणि दुसराच धरला. बल्गेरियात ग्रीकांचा शब्द नांदतोय. हे सगळे शब्द मागे मागे नेत गेलं, तर एका जुन्या शब्दापाशी पोचतात. नाकातून म्हणायचा, ओंस असा काहीतरी.

‘असा काहीतरी म्हणजे?’

‘तो कुठे लिहिलेला सापडत नाही. पोरांवरून बाप कसा असेल ते ठरवायचं. म्हणून त्याच्या आधी आम्ही चांदणी काढतो.’ तिने चांदणी काढली. ‘आणि त्यांच्या शेजारी एक भाषा होती, मेली ती आता. तिच्यात वान्सो म्हणजे मुलाला पहिल्यांदा फुटते ती कोवळी लव. म्हणून काही लोकांना वाटतं, की मुळात शब्द मिशीचा नव्हताच. फुटणाऱ्या केसांचा होता.’

‘आणि बाकीच्यांना काय वाटतं?’

‘बाकीचे भांडतात.’

‘त्यात तुझा फायदा काय?’

‘मी पण भांडते,’ ती म्हणाली. मला ते आवडलं, पण दाखवलं नाही.

मग तिने विचारलं की तू मध्येच मिशी का ठेवतोयस. मी सांगितलं. आजोबा माझ्याशी का बोलत नाहीत, हे तिला तोवर कुणी नीट सांगितलं नव्हतं. ती इचलकरंजीला चारदाच गेली आहे, आणि तिला मराठी येत नसेल असं धरून तिथे सगळेच तिच्याशी हातवारे करून बोलतात. ऐकताना तिचं हसणं गेलं.

‘मग तू जात का नाहीस?’

‘जाणार. जरा भरू दे.’

‘आत्ता जा ना. आहे की थोडी.’

‘ही? ही बघून म्हणतील, दाढी करायला वेळ मिळाला नाही वाटतं.’

हेच माझं खरं भय होतं, आणि ते मी तिच्यासमोर चेष्टेत घालवलं. बावन्नाव्या वर्षी मिशी विसाव्या वर्षासारखी येत नाही. डावीकडे विरळ, मधे भेग, आणि अर्धी पांढरी. लांबून बघितलं तर ओठ मळकट वाटावा, एवढंच. अण्णांच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता हे मला माहीत होतं. खाटेवरून, त्या डोळ्यांनीही, बघताक्षणी मिशी आहे असं दिसायला हवं. शंका नको. अर्धवट माल घेऊन मी कधी कुणाच्या दारात गेलेलो नाही. तिने फोटो काढायला फोन वर केला, तर मी तोही काढू दिला नाही. म्हटलं, पुरी होऊ दे.

बाराव्या दिवशी भावाचा फोन आला. आवाज वेगळा होता.

‘दादा, ये आता. जेवण सुटलंय त्यांचं.’

‘डॉक्टर काय म्हणतात?’

‘डॉक्टर काय म्हणणार? म्हातारं झाड हाय म्हणतात. आज-उद्याचं काय खरं न्हाई, न्हाईतर महिनाभर पण काढतील.’

‘महिनाभर काढतील असं म्हणाले?’

‘दोन्ही म्हणाले.’

मी त्यातलं मला हवं ते उचललं. आयुष्यभर तेच करत आलोय. ‘आठ दिवस दे मला,’ मी म्हणालो. ‘आठ दिवसांनी निघतोच. तिकीट आजच काढतो.’

‘मी काय देणार तुला आठ दिवस,’ भाऊ म्हणाला. ‘एवढं काय काम हाय?’

‘आहे एक.’

बायको म्हणाली, आज निघा, मिशीचं काय घेऊन बसलात. मी तिच्यावर खेकसलो. आरशासमोर उभा राहून रोज सकाळी बोटाने चाचपायचो. एका औषधाच्या दुकानातून केस दाट करणारं पाणी आणलं. गोदामातले लोक माझ्या तोंडाकडे बघून नजर खाली घालायचे. मालकाला विचारणार कोण. मी मनात संवाद घोकत होतो. आत जायचं, पाया पडायचं, काही बोलायचं नाही. ते बघतील. आणि मग त्यांना भावाकडे वळायची गरज राहणार नाही. मला फक्त एक वाक्य हवं होतं, थेट माझ्याकडे बघून. शिवी असती तरी चाललं असतं.

तिकिटाला चार दिवस राहिले असताना अण्णा गेले.

भावाने सकाळी कळवलं. मी म्हटलं, मी निघतो, थांबा. तो म्हणाला, ऊन फार आहे, संध्याकाळपर्यंतच ठेवता येईल. मी ओरडलो. बर्फ ठेवा, एक दिवस थांबलात तर काय आभाळ कोसळणार आहे, थोरला मी आहे, अग्नी मी द्यायचा. तो सगळं ऐकून घेऊन म्हणाला, ‘आठ दिवस मागितलेस तेव्हा कुठं गेला होता थोरलेपणा? काय करत होतास, ते तरी सांग.’

मी ओठांवर हात ठेवून उभा होतो. मिशी वाढवत होतो, हे वाक्य त्या वेळी कोणत्या तोंडाने म्हणायचं? तो म्हणाला, ‘धंदा असेल.’ मी होयही म्हटलं नाही आणि नाहीही. तो पुढे म्हणाला, ‘आता नको येऊस. बघायला काय राहिलंय?’ मला वाटलं, एवढा तोरा? मी त्याच रागात तिकीट रद्द केलं. अण्णांना अग्नी त्याने दिला.

तिसऱ्या दिवशी त्याचाच फोन आला. रडून मोकळा झाला होता, बोलायला कुणी हवं होतं. शेवटचे दिवस कसे गेले ते सांगत बसला. पाणी चमच्याने कसं पाजायचो, रात्री आईला कशी हाक मारायचे.

‘शेवटी शेवटी तर काय दिसतच नव्हतं त्यांना,’ तो म्हणाला. ‘दीड-दोन महिने झाले असतील. माणूस जवळ गेला की तोंडावरून हात फिरवायचे. बोटानं चाचपून ओळखायचे, कोण हाय ते.’

‘हे तू मला सांगितलं नाहीस.’

‘सांगून काय करणार होतास?’

बोटांना नऊ दिवसांची मिशीसुद्धा पुरली असती. चार दिवसांचे खुंट तर आणखी टोचतात. कँटीनमधून मी सरळ विमानतळावर गेलो असतो, तर त्यांचा हात माझ्या ओठावर आला असता आणि त्यांना कळलं असतं. डोळ्यांसाठी मी थांबलो, आणि डोळे नव्हतेच.

सुतकात वस्तरा लावत नाहीत. त्या दहा दिवसांत मिशी सगळ्यांत चांगली भरली. डावी बाजूही भरली. आरशात मला फोटोतले तरुण अण्णा दिसायला लागले, आणि मी आरशात बघणं सोडून दिलं.

दहाव्या दिवशी सकाळी मी स्टेशनजवळच्या न्हाव्याकडे गेलो. पंधरा वर्षं तो माझे केस कापतो. दाढी वाढलेली बघून त्याला वाटलं आकार द्यायचा आहे, म्हणून त्याने वेगवेगळ्या ठेवणींच्या चित्रांचं पुस्तक पुढे केलं. मी म्हटलं, सगळं काढा. डोकंही. त्याने दोनदा विचारलं, खरंच का. मिशीपाशी येऊन तो पुन्हा थांबला आणि म्हणाला की ही मात्र छान आली आहे, आपल्याला शोभते. अठ्ठावीस वर्षांत कुणीही माझ्या मिशीबद्दल बोललेलं हे पहिलं बरं वाक्य होतं. मी डोळे मिटले. त्याने गरम टॉवेल ठेवला आणि वस्तरा फिरवला. दोन मिनिटांचं काम. डोळे उघडले तेव्हा डोक्यावर काही नव्हतं, आणि तोंड मात्र रोजचंच होतं. बाप गेल्याची खूण म्हणून जे काढायचं ते माझ्या तोंडावरून इतकी वर्षं गेलेलंच होतं. ओठ बघून कुणाला काय कळणार?

दुपारी मी गोदामातल्या ऑफिसात बसलो होतो, तेव्हा भावाचा व्हिडिओ कॉल आला. तो पंचगंगेच्या घाटावर होता. त्याचंही डोकं, मिशी, सगळं उतरलेलं. मला बघून त्याचा चेहरा मऊ झाला.

‘डोकं केलंस. बरं केलंस, दादा.’ मग आवाज उतरवून म्हणाला, ‘कावळा शिवेना. दीड तास झाला. सगळ्यांनी सांगून बघितलं. मी सांगितलं घर सांभाळतो, आत्यानं सांगितलं, कोण कोण बोललं. झाडावर बसलेत, खाली येत न्हाईत. तुझ्याकडं काय राहिलं होतं का त्यांचं? असेल तर सांग. भटजी म्हणतात आता दर्भाचा कावळा करून लावूया.’

त्याने फोन वळवला. केळीच्या पानावर पिंड होते, आणि मागे पाणी. मला वाटलं, हीच वेळ. आता सांगितलं नाही तर कधीच नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी आधी तोंड उघडलं.

‘त्यांनी मिशीचं विचारलं होतं ना,’ मी म्हणालो. ‘मी ठेवली होती. त्या दिवसापासून. ती भरावी म्हणून आठ दिवस मागितले होते तुझ्याकडे. दुसरं काही काम नव्हतं. त्यांना सांग, थोरल्याला मिशी होती.’

फोन पुन्हा त्याच्या तोंडाकडे वळला. तो माझ्या ओठाकडे बघत होता.

‘कुठंय?’

‘सकाळी काढली. दहावा म्हणून.’

‘आज सकाळी?’

‘हो.’

‘फोटो असेल की एखादा.’

‘नाही. पुरी झाल्याशिवाय काढायचा नव्हता. पोरीला विचार, तिने बघितलीय.’

‘तिला मधी आणू नको.’ तो चिडला नव्हता. चिडला असता तर मी भांडलो असतो, भांडण मला जमतं. तो थकलेल्या माणसासारखा म्हणाला, ‘दादा, धंद्याचं काम होतं म्हणालास तरी मी काय बोललो असतो का? आज तरी घासाघीस नको करू. निदान त्यांच्याशी.’

‘अरे, खरं सांगतोय.’

‘व्हय,’ तो म्हणाला, लहान मुलाला म्हणावं तसं. ‘ठेवतो. लोक ताटकळलेत.’

त्याने फोन खिशात टाकला, पण बंद करायला विसरला. पडदा काळा झाला आणि आवाज येत राहिले. पाण्याचा, कुणाच्या तरी खोकल्याचा, झाडावरच्या कावळ्यांचा. मी त्याला हाक मारली नाही. कुणीतरी विचारलं, काय म्हणाला थोरला, काही सांगायचं राहिलं होतं का त्याचं?

‘न्हाई,’ भावाचा आवाज आला. ‘काय न्हाई. दर्भाचाच करा.’